जाड रेषेखालचे गाव

माझा आक्षेप जिल्ह्याला नव्हता. जिल्ह्याच्या नावाला होता. मध्य प्रदेशातल्या सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिली छिंदवाड्यातून वेगळ्या निघाल्या आणि त्यांचा मिळून पांढुर्णा नावाचा एक जिल्हा झाला, यात आम्हां सौंसरकरांचे काही नुकसान झाले असे मी म्हणणार नाही. मात्र दोन वस्तूंची मिळून एक वस्तू होते तेव्हा त्या एकीला दोहोंपैकी एकाचेच नाव का मिळावे, एवढा सरळ प्रश्न मी हिंदीतून, टंकलिखित, रजिस्टर्ड पोस्टाने विचारला. आमच्याकडे माणूस मराठीत भांडतो आणि अर्ज हिंदीत करतो. राग तोच असतो आणि लिपीही तीच, त्यामुळे फारशी अडचण होत नाही. उत्तर आले. ते नम्र होते आणि नकारार्थी होते.

मी दिवाणी न्यायालयात रीडर होतो, म्हणजे न्यायाधीशांच्या आसनाखाली बसून लोकांना पुढच्या तारखा देणारा. निकाल वरचा माणूस देतो, तारीख खालचा. या नोकरीत आयुष्य गेल्यामुळे ‘आता ते होऊन गेले’ हे वाक्य मला पचत नाही. काहीच होऊन गेलेले नसते. पुढची तारीख असते.

जिल्हा एक झाला म्हणून सौंसरच्या आणि पांढुर्ण्याच्या ज्येष्ठ नागरिक मंडळांनीही एक व्हावे, असे दोन्हीकडच्या सदस्यांना वाटू लागले. सौंसरच्या मंडळाचा सचिव मी. पांढुर्ण्याच्या मंडळाचे सचिव माझे साडू, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. आमच्या बायका सख्ख्या बहिणी आहेत. याखेरीज आम्हां दोघांत सामाईक असे काही नाही, आणि भांडायला तेवढे पुरते.

संयुक्त मंडळाला बोधचिन्ह हवे होते. जिल्ह्याचा बाह्याकार, आत संत्रे, संत्र्याखाली काठी, अशी कल्पना साडूंनी मांडली. काठीला मी हरकत घेतली. आमच्या सदस्यांना काठी लागते ही गोष्ट स्वतःच्या शिक्क्यावर कबूल करण्याचे कोणालाही कारण नव्हते. काठी गेली, संत्रे राहिले. मग नकाशा चित्रकलेच्या शिक्षकानेच काढावा असे पांढुर्णेकर म्हणू लागले. मी लेखी विरोध नोंदवला. सौंसरची हद्द पांढुर्ण्याच्या हाताने आखली जाणार नाही. शेवटी ठराव झाला तो असा, की ज्याची तहसील त्याने गिरवावी आणि दोन्ही आकार साडूंच्या सुनेने कॉम्प्युटरवर जोडून द्यावेत. या सूनबाईंचे पांढुर्ण्याच्या बसस्टँडजवळ दुकान आहे. फ्लेक्स, लग्नपत्रिका, ट्रॅक्टरमागचे स्टिकर, सगळे तिथे होते.

याच सुमारास दुसरा एक वाद चालू होता आणि त्याची नोंद मात्र कोणत्याच मंडळाच्या कार्यवृत्तात नव्हती. आमच्या सासूबाई दोन्ही तहसिलींच्या मधोमध, हद्दीवरच्या एका लहानशा गावात एकट्या राहत. मुलगा नाही, दोन मुली, त्या आम्ही दोघांनी नेल्या. नव्वदीला टेकलेल्या सासूबाई म्हशीच्या कोठ्यात शेण काढताना घसरल्या आणि त्यांचे उजवे मनगट मोडले. प्लास्टर झाले. शेजारीण भाकरी थापून देई, दोघी बहिणी आळीपाळीने जाऊन येत. प्लास्टर निघाल्यावर त्यांना एकटे ठेवायचे नाही, याबद्दल सर्वांचे एकमत होते. कोणाकडे ठेवायचे याबद्दल साडूंचे आणि माझेही एकमतच होते: दुसऱ्याकडे.

माझी बाजू भक्कम होती. त्या गावची गाडी पांढुर्ण्याला जाते, बाजार पांढुर्ण्याचा, दवाखाना पांढुर्ण्याचा, मनगटसुद्धा पांढुर्ण्यात जोडले गेले. साडू म्हणत, गाव कागदोपत्री सौंसर तहसिलीतले आहे. दोन्ही विधाने खरी होती. न्यायालयातही बहुधा असेच असते, म्हणून तर तारखा लागतात. शिवाय लेकीच्या घरी जेवायचे नाही हा सासूबाईंचा जुना नेम. नातवंडे झाल्यावर तो शिथिल झाला होता हे खरे, पण कायमचा रद्द झाल्याचा काही पुरावा नव्हता, आणि रूढीला कायद्याचे बळ असते.

एका सकाळी मी पत्नीला कायदाही समजावून सांगितला. आईवडिलांच्या पालनपोषणाच्या कायद्यात मुलगा येतो, मुलगी येते, नातू येतो, नात येते. जावई येत नाही.

ती पोह्यांसाठी कांदा चिरत होती. “जावई येत नाही न?”

“नाही.”

“मंग जावई बोलून काहून राहिला? लेक येते म्हणता न त्याच्यात? लेक पाहून घेईन. जावयानं पोहे खावं.”

याच कायद्यावर मी मंडळात व्याख्यान दिले होते आणि टाळ्या पडल्या होत्या. घरच्या सभेत तशी पद्धत नाही.

नकाशा गिरवण्याचे काम मी निष्ठेने केले. मूळ नकाशा शाळेच्या भिंतीवर असतो तसला, कापडावर डकवलेला, जुना. तो मोठा करून त्याच्या दोन झेरॉक्स काढल्या. एक माझ्याकडे आली, एक साडूंकडे गेली. मोठे करण्याचा परिणाम असा झाला की गावांची नावे पुसट झाली आणि दोन तहसिलींमधली हद्दीची रेषा पावसाळ्यातल्या गांडुळासारखी फुगली. जेवणाच्या टेबलावर ट्रेसिंग पेपर पसरून मी त्या रेषेपाशी आलो तेव्हा एक कायदेशीर प्रश्न उभा राहिला. जाड रेषेच्या कोणत्या कडेने जावे? मधून गेलो असतो तर पेन्सिल अर्धी पांढुर्ण्यात शिरण्याची शक्यता होती, आणि दुसऱ्याच्या जमिनीत पेन्सिलीनेही पाऊल टाकणे मला मान्य नाही. म्हणून मी आतल्या, सौंसरकडच्या कडेने गेलो. यात चूक काय झाली ते मला आजपर्यंत कोणी दाखवून दिलेले नाही. केवळ एका ठिकाणी, जिथे नाल्याला वळण आणि वळणावर बंधारा आहे, तिथे मी बाहेरच्या कडेने गेलो. पाण्याच्या बाबतीत सौजन्य दाखवणारा माणूस पुढे तहानलेला राहतो.

सासूबाईंचे प्लास्टर काढायच्या दिवशीच आकार जोडायचे ठरले, म्हणजे सगळ्यांची एकच फेरी होईल. दवाखान्यातून निघून आम्ही सूनबाईंच्या दुकानात आलो. सासूबाईंना पंख्याखालची फिरती खुर्ची मिळाली. त्या आपला पांढरा पडलेला, सालपटे सुटलेला हात मांडीवर घेऊन एखाद्या परक्याच्या वस्तूकडे पाहावे तशा त्याच्याकडे पाहत होत्या. दोघी बहिणी लग्नपत्रिकांचे नमुने चाळत बसल्या. साडू आणि मी पडद्यासमोर.

सूनबाईंनी कागदांवरून रेषा आधीच तयार करून ठेवल्या होत्या. रेषेवर जागोजाग बारीक चौकोन दिसत. त्यांना नोड म्हणतात आणि रेषा त्यांच्यापाशी वाकते. प्रथम पांढुर्णा घेतला. एक टिचकी मारताच तो हिरवागार झाला. साडूंनी माझ्याकडे पाहिले नाही, पण कसे पाहिले नाही ते मला दिसले. मग सौंसर घेतली, टिचकी मारली, आणि सौंसर कोरीच राहिली.

“मावसाजी, तुमची सौंसर उघडी हाय.”

“उघडी म्हणजे?”

“जिथून निंगाले तिथं वापस आलेच नाही तुम्ही. हे पहा, दोन टोकं. जवळजवळ हायेत, पण जुळले नाहीत. आकार बंद झाल्याशिवाय रंग नाही भरत.”

तिने चित्र मोठे केले. दोन टोकांत केसाएवढे अंतर होते. मला आठवले, तिथे मी चहाला उठलो होतो.

“कोर्टातल्या लोकायचं असंच राहते,” साडू म्हणाले. “चालू करतात. बंद काई करत नाहीत.”

सूनबाईंनी दोन्ही टोके निवडून एक बटण दाबले. ती एकमेकांवर जाऊन बसली आणि सौंसर एकदम नारिंगी झाली. मला बरे वाटले, हे मी येथे नमूद करतो.

खरी पंचाईत पुढे झाली. दोन आकार एकत्र करण्याच्या तीन रीती असतात हे मला त्या दिवशी कळले, आणि तिन्ही आमच्या कायद्याला ठाऊक आहेत. पहिली ग्रुप. यात दोघे सोबत हलतात पण ज्याचे त्याच्यापाशी राहते. सूनबाई म्हणाल्या, “हे नुसतं सोबत ठेवणं झालं, शिक्क्यात नाही चालणार.” दुसरी कंबाइन. ती करताच बंधाऱ्याच्या जागी एक भोक पडले.

“बंधारा कुठे गेला?” मी विचारले.

“तिथं तुम्ही दोघं एकमेकाच्या वर गेले न, मावसाजी. दोघांनी घेतलं की या बटणानं तेवढं पोकळ होऊन जाते.”

म्हणजे पाण्याच्या बाबतीत साडूंनीही सौजन्य दाखवले नव्हते. मी त्यांच्याकडे पाहिले. ते लग्नपत्रिकांकडे पाहू लागले.

तिसरी रीत वेल्ड. तिने भोक बुजले, बंधारा परत आला, आणि तिथली हद्दीची रेषा पुसली जाऊन दोन्ही तहसिली एकजीव झाल्या. बाकी ठिकाणी मात्र दोहोंमधून एक पांढरी पट्टी वरपासून खालपर्यंत तशीच राहिली. एकच आकार म्हणवणारे दोन तुकडे, मध्ये फट.

सासूबाईंनी खुर्ची पायाने फिरवून पडद्याकडे केली. “माहं गाव कुठी हाय त्याच्यात?”

सूनबाईंनी झेरॉक्सचे चित्र खाली फिकट करून आणले, बोट फिरवत ठिपका शोधला आणि माउसवरचा हात काढून घेतला.

“सांग न, बाई.”

“आजी, तुमचं गाव पांढऱ्यात आलं.”

“पांढऱ्यात म्हंजे कोणाच्यात?”

“कोणाच्यातच नाही.”

साडू घसा साफ करून म्हणाले, “मी आपल्या आतल्या कडेनं गेलो. बाहेरून गेलो असतो तर साडभाऊची नोटीस आली असती, पोचपावतीवाली.”

“मीही आतल्या कडेनेच गेलो,” मी म्हणालो. “अतिक्रमण होऊ नये म्हणून.”

“पण गाव तुमच्या तहसिलीतलं होय. तुम्ही काहून सोडलं?”

“नकाशात ते रेषेच्या खाली झाकले गेले आहे. रेषेखालची जमीन सामाईक असते. मी फार तर अर्धी घेऊ शकलो असतो, आणि अर्धे गाव घेता येत नाही.”

“अर्धी सासू बी घेता येत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “म्हणून अख्खी सोडली का, जवाईबापू?”

या प्रश्नाचा रोख विषयाबाहेरचा होता, तशी हरकत मी घेणार होतो. तेवढ्यात सूनबाई म्हणाल्या, “कोणाची तरी लाईन सरकवा लागन. बाबा, तुमची सरकवू? का मावसाजीची?”

साडू म्हणाले, हा विषय पांढुर्ण्याच्या सभेपुढे ठेवावा लागेल. मी म्हणालो, सौंसरच्याही. त्या वादात प्रथमच आमचे म्हणणे शब्दशः जुळले.

सासूबाई उठल्या. डाव्या हाताने पदर खोचला. “मले स्टँडवर नेऊन द्या. माह्या गावची गाडी सुटून जाईन.”

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिले. धाकटी, म्हणजे साडूंची पत्नी, पिशवी उचलत म्हणाली, “थांब, आई. आम्ही बी येतो.” आणि माझी पत्नी मला म्हणाली, “घरी पोळ्या झाकून ठेवल्या हायेत. आजच्या. उद्यापासून तुमच्या पुस्तकात पाहून घ्या, जावयाचं जेवण कोणत्या कलमात येते ते.”

त्या तिघी गेल्या. पडद्यावर फट तशीच होती.

पुढचे दिवस मी संयमाने काढले. खिचडी ही सर्वांत सोपी वस्तू आहे असे म्हणणाऱ्यांनी ती कधी केलेली नसते. फटीबाबत पांढुर्ण्याच्या मंडळाची भूमिका काय, अशी विचारणा मी साडूंना रजिस्टर्ड पत्राने केली. उत्तर फोनवर आले.

“साडभाऊ, वरणात पाणी किती टाकतात?”

“माझ्या पत्रातील मुद्दा क्रमांक दोन—”

“मुद्दा राहू द्या न बाप्पा. डाळ करपून राहिली.”

पत्नीला मी रोज फोन करत असे, आणि ती रोज मला खाण्यापिण्याविषयी काहीही विचारत नसे. मग एका दुपारी तिचाच फोन आला. आवाज दबका होता. “आई परत कोठ्यात गेली होती. कोणाले सांगतलं नाही. पाय सरकला. मी मागंच होती म्हणून धरली.” मग म्हणाली, “आम्ही कायम तर नाही राहू शकत इथं. मी नसती तर?”

मी आयुष्यभर सर्व प्रकारच्या प्रश्नांना तारीख दिली आहे. या प्रश्नाला देता आली नाही.

दुसऱ्या सकाळी मी पांढुर्ण्याची बस धरली. बसमध्ये मी आपली भूमिका नीट बांधून घेतली होती, त्यामुळे सूनबाईंच्या दुकानात उभ्या उभ्याच सांगितले, “सौंसरची रेषा बाहेर सरकवा. गाव पूर्ण आत येईपर्यंत. मात्र आमच्या अन्य हक्कांना बाधा न येता.”

“ते शेवटचं बटण नाही माह्याकडं,” त्या म्हणाल्या, आणि न जोडलेले चित्र उघडून नोड धरून ओढू लागल्या. रेषा वाकली, ठिपक्याच्या पलीकडे गेली, गाव नारिंगी झाले. मग त्या हसू लागल्या.

“काय झाले?”

“बाबा काल संध्याकाळी येऊन गेले. त्याह्यनं बी सरकवली. पहा.”

मी पाहिले. गावावर नारिंगी होती आणि नारिंगीखाली हिरवे होते. माझे मस्तक फिरले. तिथल्या तिथे साडूंना फोन लावला.

“हे उघड अतिक्रमण आहे! गाव कागदोपत्री सौंसरचे आहे, आपणच म्हणत होता!”

“असं? आणि गाडी पांढुर्ण्याची, बाजार पांढुर्ण्याचा, दवाखाना पांढुर्ण्याचा, हे कोण म्हणत होतं? आमच्या घरी खालची खोली साफ केली मी. पलंग टाकला.”

“आमच्या घरी संडासात धरायची दांडी बसवून घेतो आहे. मिस्त्री आजच येणार आहे.”

“म्हंजे बसवली नाही न अजून? मंग!”

सूनबाईंनी टेबलावर पेन आपटले. “तुमचं होऊ द्या आरामात. पण मले सांगा, कंबाइन करू का वेल्ड? कंबाइन केलं तर आजीच्या गावाले भोक पडन.”

फोनमधून आणि माझ्याकडून एकदम उत्तर गेले. “वेल्ड!”

त्याच दिवशी आम्ही साडूंच्या शेजाऱ्याची गाडी घेऊन गावी गेलो. दोघेही मागच्या सीटवर, मध्ये संत्र्यांची पिशवी. ओसरीत सासूबाई सुपातली तूर डाव्या हाताने निवडत होत्या. आम्ही दोघांनी आपापली बाजू मांडली, मी आधी, ज्येष्ठत्वाने. त्या शेवटपर्यंत खडे वेचत राहिल्या.

“आतापावतर कोणालेच नको होती. आता दोघायलेही पायजे,” त्या म्हणाल्या. “इकडं आड, तिकडं विहीर.”

“आई!” माझी पत्नी म्हणाली.

“थांब वं. सांगू दे.” मग निकाल झाला. पांढुर्ण्याचे घर जाम नदीजवळ, पलीकडे सावरगाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरची माणसे एकमेकांना दगड मारतात, ती गोटमार. पोळा होऊन गोटमार होईपर्यंत तिकडे त्यांना राहायचे नव्हते, दगड आणि आरडाओरडा या वयात सोसत नाही. तोवर सौंसर. संत्र्याच्या दिवसांत पांढुर्णा, कारण धाकटी मुरांबा जास्त गोड करते. तांदूळ आणि तूर त्यांची स्वतःची येईल आणि त्यांचेच वरण-भात त्या जेवतील, म्हणजे नेम मोडणार नाही. म्हैस शेजारणीकडे. युक्तिवादाला संधी दिली गेली नाही. या निकालावर अपील कोठे करावे ते मला अजून सापडलेले नाही.

संयुक्त मंडळाचे बोधचिन्ह आता सभागृहात टांगलेले आहे. जिल्हा सलग आहे, आत संत्रे आहे, मध्ये फट नाही. मधल्या हद्दीची रेषा गेल्यामुळे कोणते गाव कोणी किती ओढले ते आता कोणालाच दाखवता येत नाही, आणि पुराव्याची अशी विल्हेवाट मला तत्त्वतः मान्य नाही. तसे मी कार्यवृत्तात लिहिले आहे. साडूंनी त्याखाली ‘सहमत’ असे लिहून सही केली, हे मला अधिक संशयास्पद वाटते.

सासूबाई आमच्याकडे आल्यावर मंडळाच्या सदस्य झाल्या. मंडळाला तक्रार निवारण समिती आहे. सौंसरपुरते तिचे काम सचिव, म्हणजे मी, पाहतो. पहिली तक्रार त्यांचीच आली, तोंडी, दुपारच्या चहाच्या वेळी: सचिव पत्रे लिहिताना ती मोठ्याने वाचतात आणि घरातल्या ज्येष्ठ नागरिकाचा दुपारचा डोळा लागत नाही. नियमाप्रमाणे तक्रार लेखी लागते. त्यांना लिहिता येते, पण मनगट अजून दुखते. म्हणून मीच कागद घेतला, प्रतिवादीचे पूर्ण वर्णन केले, त्रासाचे स्वरूप लिहिले, आणि रिवाजाप्रमाणे त्यांना वाचून दाखवले.

त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकले.

“नरम झालं, जवाईबापू,” त्या म्हणाल्या. “त्या जिल्ह्याच्या नावाले लिहिलं होतं न, तसं कडक लिहा.”

मी नवा कागद घेतला.